मुक्तिबोध : हरपलेली शुद्ध, राखलेली स्मृती

दुर्ग, १० सप्टेंबर : आधुनिक हिंदी कवितेतील अग्रगण्य कवी गजानन माधव मुक्तिबोध यांचा ११ सप्टेंबर हा स्मृतिदिन. १९६४ साली याच दिवशी रात्री नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. मेंदूच्या आवरणाला जडलेल्या क्षयाने त्यांची शुद्ध त्याआधीच हिरावून घेतली होती आणि तोवर त्यांच्या नावावर एकही स्वतंत्र कवितासंग्रह नव्हता. आयुष्याची अखेरची सहा वर्षे त्यांनी राजनांदगावात काढली. राजनांदगाव आज स्वतंत्र जिल्हा असला, तरी २६ जानेवारी १९७३ पर्यंत ते दुर्ग जिल्ह्यातच मोडत होते. घरात मराठी बोलणाऱ्या आणि हिंदीत लिहिणाऱ्या या कवीवर दुर्गचा हक्क असा जुना आहे.

सप्टेंबर हा महिना जगभर अल्झायमर व स्मृतिभ्रंशाविषयीच्या जागृतीसाठी पाळला जातो. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. मुक्तिबोधांना अल्झायमर नव्हता, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. अल्झायमर वर्षानुवर्षे, पावलापावलाने स्मृती पोखरत नेतो. मुक्तिबोधांच्या आजाराने काही महिन्यांतच सारे संपवले. तरीही या दोन्ही आजारांपुढे घरच्या माणसांना पडणारे प्रश्न सारखेच असतात. मेंदूत काही बिघडत आहे हे वेळेत कसे ओळखावे? आणि ज्याला स्वतःचे भान उरलेले नाही, त्याच्या आयुष्याचे संचित कोणी आणि कसे सांभाळावे? दुसऱ्या प्रश्नाला मुक्तिबोधांच्या मित्रांनी दिलेले उत्तर हिंदी साहित्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे.

मुक्तिबोध घराणे मूळचे खानदेशातील जळगावचे. पूर्वज ग्वाल्हेर संस्थानात आले आणि तिकडेच स्थायिक झाले. गजानन यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी त्या संस्थानातील श्योपूर येथे झाला. वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात अधिकारी होते. करडी शिस्त, स्वच्छ हात आणि सतत होणाऱ्या बदल्या, असे ते घर होते. आई पार्वतीबाई यांना वाचनाची ओढ होती. हरिभाऊ आपटे आणि प्रेमचंद हे त्यांचे आवडते लेखक. एकाच घरात दोन भाषांची पुस्तके नांदत होती. पुढे थोरला मुलगा हिंदीचा कवी झाला आणि धाकटा शरच्चंद्र मराठीचा. एका आईच्या पोटी दोन भाषांचे दोन महत्त्वाचे कवी जन्मावेत, हा योग दुर्मीळच म्हणावा लागेल.

बदल्यांमुळे गजानन यांचे शिक्षण तुटक झाले. १९३० मध्ये उज्जैन येथे माध्यमिक परीक्षेत ते नापास झाले. ही गोष्ट त्यांच्या मनाला दीर्घकाळ लागून राहिली. १९३८ मध्ये इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून ते बी.ए. झाले आणि १९३९ मध्ये घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी शांताबाईंशी विवाह केला. तेथून भटकंती सुरू झाली. बडनगर, शुजालपूर, उज्जैन, कलकत्ता, इंदूर, मुंबई, बंगळूर, बनारस, जबलपूर अशी गावे बदलत राहिली. कुठे शाळेत शिकवणे, कुठे नियतकालिकात काम. पगार नेहमीच तुटपुंजा आणि कुटुंब वाढते. या धावपळीतच १९४३ मध्ये अज्ञेय यांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या संकलनात सात कवींपैकी एक म्हणून त्यांच्या कविता छापल्या गेल्या. हिंदीत नव्या कवितेचा इतिहास याच पुस्तकापासून सांगितला जातो. विशेष म्हणजे त्या सातांमध्ये प्रभाकर माचवे हे दुसरे मराठीभाषकही होते.

१९४८ मध्ये मुक्तिबोध नागपूरला आले आणि दहा वर्षे राहिले. प्रथम सरकारच्या माहिती खात्यात, मग आकाशवाणीवर आणि शेवटी ‘नया खून’ या साप्ताहिकात त्यांनी नोकरी केली. याच काळात नागपूर विद्यापीठातून त्यांनी हिंदीत एम.ए. केले. चाळिशीच्या उंबरठ्यावर पदवी घेण्यामागे प्राध्यापकाची स्थिर नोकरी मिळावी, हा साधा संसारी हेतू होता. तो १९५८ मध्ये सफल झाला. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात त्यांना हिंदीचे व्याख्यातेपद मिळाले.

तेव्हाचा दुर्ग जिल्हा झपाट्याने बदलत होता. राजनांदगावहून रेल्वेने तीसेक किलोमीटरवर दुर्ग आणि त्याला लागून भिलाई. सोव्हिएत सहकार्याने पोलाद कारखाना उभा राहत होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. राजनांदगाव मात्र जुन्या संस्थानी चालीचे गाव होते. महाविद्यालय राजवाड्याच्या जुन्या वास्तूत भरत असे आणि मुक्तिबोधांना त्याच आवारात राहायला जागा मिळाली होती. एका अंगाला राणीसागर, दुसऱ्या अंगाला बूढासागर हे तलाव, मध्ये उंच भिंती, काळोखे दालन आणि वर जाणारा चक्राकार जिना. त्यांच्या उत्तरकालीन कवितांत वारंवार येणारे जिने, तळघरे, तलावाचे काळे पाणी आणि भिंतीतून उमटणाऱ्या आकृती ज्यांना दुर्बोध वाटतात, त्यांनी ही वास्तू एकदा पाहावी. कल्पनेचा पाया किती प्रत्यक्ष होता, ते तेथे कळते.

राजनांदगावची वर्षे त्यांच्या आयुष्यातील तुलनेने स्वस्थ वर्षे होती. दिवसा अध्यापन आणि रात्री लेखन. चहा आणि विडी यांची सोबत अखंड असे. विडी ओढणारे मुक्तिबोध हे त्यांचे छायाचित्र हिंदी वाचकांच्या मनात कायमचे कोरले गेले आहे. ते कविता एकटाकी लिहीत नसत. एकेका दीर्घ कवितेचे अनेक खर्डे होत. लिहिलेले मोडत, पुन्हा रचत, बाजूला ठेवत आणि वर्षांनी पुन्हा हाती घेत. पूर्ण झाली असे त्यांना क्वचितच वाटे. म्हणून छापून येण्यापेक्षा कागदांचे गठ्ठेच अधिक वाढत गेले. कवीला स्वतःला त्या गठ्ठ्यांची वाट ठाऊक होती. कोणता खर्डा कुठला, कोणते पान आधीचे, हे त्याच्या स्मरणात होते. ते स्मरण नाहीसे झाले, तर त्या कागदांचे काय होईल, याची तेव्हा कोणाला कल्पनाही नव्हती.

योगायोग असा की, संचित ज्ञान पुढे न पोचण्याची भीती हाच त्यांच्या एका प्रसिद्ध कवितेचा आणि एका कथेचा विषय आहे. ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत गावाबाहेरच्या ओसाड बारवेत एका विद्वानाचे भूत राहते. जन्मभर ज्ञान मिळवले, पण ते योग्य हाती सोपवता आले नाही, म्हणून ते अंग घासून घासून धूत बसले आहे. कवितेतील निवेदकाला त्या अभाग्याचा शिष्य व्हावेसे वाटते. ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या कथेत तर शिष्य खरोखरच भेटतो. काशीत आलेला एक अडाणी मुलगा बारा वर्षे विद्या शिकतो आणि अखेरच्या दिवशी त्याला गुरूचे खरे रूप कळते. विद्या सोपवली जाताच गुरू मुक्त होतो आणि ती पुढे देण्याची जबाबदारी शिष्यावर येते. मराठी वाचकाला ब्रह्मराक्षस परका नाही. आजीच्या गोष्टींतला तो पिंपळावरचा रहिवासी. मुक्तिबोधांनी त्याला आधुनिक बुद्धिजीवीचे दुःख दिले.

सप्टेंबर १९६२ मध्ये मोठा आघात झाला. ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक काही गटांच्या विरोधानंतर मध्य प्रदेश सरकारने बंदी घालून बाद केले. पुस्तकाच्या उत्पन्नातून कर्ज फिटेल अशी आशा होती. त्याहून अधिक लागली ती लेखणीवर आलेली सरकारी टाच. आपल्यावर पाळत आहे, कोणीतरी मागावर आहे, ही भावना त्यानंतर त्यांच्या बोलण्यात आणि लेखनात गडद होत गेली. मनावरचा हा ताण आणि पुढचा आजार यांची सांगड अनेकांनी घातली आहे. भावनेच्या अंगाने ती समजण्यासारखी असली, तरी मेंदूच्या क्षयाचे कारण जंतू असतो, दुःख नव्हे. दारिद्र्य, अपुरा आहार आणि अखंड श्रम यांनी शरीराची प्रतिकारशक्ती खालावते आणि अंगात दबून बसलेल्या जंतूला वाट मिळते, एवढे मात्र वैद्यकशास्त्रही मान्य करते.

फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. राजनांदगावात जेवढे उपचार शक्य होते तेवढे झाले. मार्चमध्ये मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांनी लक्ष घातल्यावर त्यांना भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात दाखल करण्यात आले. हरिशंकर परसाई यांच्यासारखे मित्र तेथे येऊन राहिले. प्रकृती कधी सावरे, कधी ढासळे. त्याच उन्हाळ्यात पंडित नेहरूंचे निधन झाले आणि लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले. साहित्यिकांनी शास्त्रीजींकडे गाऱ्हाणे नेले आणि जूनमध्ये मुक्तिबोधांना दिल्लीला हलवण्यात आले. मेंदूच्या आवरणाचा क्षयजन्य दाह, असे निदान झाले. पुढचे आठवडे बेशुद्धीत गेले.

हा आजार समजून घेण्यासारखा आहे. क्षयाचा जंतू बहुधा श्वासावाटे फुप्फुसात शिरतो. काही जणांत तो रक्तावाटे मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. तेथे सूज येते आणि सुरुवात फसवी असते. कणकण, अंग मोडून येणे, डोके दुखणे, अन्नावरची वासना उडणे, चिडचिड, कामात लक्ष न लागणे, विसरभोळेपणा. दोन-तीन आठवडे घरचे लोक हा थकवा किंवा मनाचा त्रास समजतात. मग उलट्या होतात, मान आखडते, दुहेरी दिसू लागते. सुजेत सापडलेल्या रक्तवाहिन्या बंद पडल्या, तर पक्षाघात होतो. मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडली, तर आत दाब वाढतो. शेवटी भ्रम आणि बेशुद्धी. खात्रीचे निदान पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासल्याखेरीज होत नाही.

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४८ मध्येच या रुग्णांच्या तीन पायऱ्या ठरवल्या होत्या : पूर्ण शुद्धीत असलेले, भ्रमात गेलेले आणि बेशुद्ध. कोणत्या पायरीवर औषध सुरू झाले, यावर रुग्ण वाचेल की नाही आणि वाचला तर त्याची बुद्धी व स्मृती शाबूत राहील की नाही, हे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. आजही हा नियम बदललेला नाही. १९६४ साली स्ट्रेप्टोमायसिन, पॅस आणि १९५२ पासून वापरात आलेले आयसोनियाझिड ही औषधे भारतात मिळत होती. देशाचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमही १९६२ मध्ये सुरू झाला होता. पण रिफाम्पिसिन अजून आलेले नव्हते आणि जिवंत माणसाच्या मेंदूचे आतील चित्र दाखवणारे सीटी स्कॅन यंत्र १९७१ पर्यंत जगात कोठेच नव्हते. लहान गावातील डॉक्टरला पक्षाघात दिसे. त्यामागचा क्षय दिसण्याची साधने त्याच्यापाशी नव्हती.

साधने आता आली आहेत, समजूत तेवढी आलेली नाही. विसरणे आणि वयाची सांगड आपल्याकडे इतकी घट्ट आहे, की म्हातारपणी असे व्हायचेच म्हणून अनेक घरांत रुग्णाला डॉक्टरकडे नेलेच जात नाही. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही, हे खरे. परंतु स्मृती जाण्याची सारीच कारणे अल्झायमरची नसतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीची मंदावलेली गती, नैराश्य, पडल्यानंतर कवटीत हळूहळू साकळलेले रक्त, मेंदूत साचलेले पाणी आणि क्षयासारखा संसर्ग यांमुळेही माणूस विसरू लागतो. यांतील बहुतेक गोष्टी साध्या तपासण्यांनी कळतात आणि वेळेत उपचार झाले, तर गेलेली स्मृती पुष्कळ अंशी परतते. विशेषतः बदल वर्षांत न होता आठवड्यांत घडत असेल, सोबत ताप किंवा सततची डोकेदुखी असेल, तर थांबणे धोक्याचे असते. लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून जन्मानंतर दिली जाणारी बीसीजी लस चांगले संरक्षण देते. मोठ्यांसाठी तशी ढाल नाही. त्यांच्या बाबतीत लवकर ओळख हाच खरा बचाव.

आजारात कवी एकाकी पडला नाही, ही मुक्तिबोधांच्या कहाणीतील मोठी गोष्ट. शांताबाई सोबत होत्या. दिल्लीतील रुग्णालयात श्रीकांत वर्मा, शमशेर बहादुर सिंह, नेमिचंद्र जैन, परसाई आणि अनेक तरुण लेखक येत-जात राहिले. अशा शुश्रूषेचे दुसरे उदाहरण भारतीय साहित्यात आहे आणि ते स्मृतिभ्रंशाच्या अधिक जवळचे आहे. बंगाली कवी काझी नझरुल इस्लाम यांची वाचा आणि स्मृती १९४२ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी जाऊ लागली. त्यांच्या उपचारासाठी समिती स्थापन होऊन १९५३ मध्ये त्यांना लंडन व व्हिएन्नाला नेण्यात आले आणि व्हिएन्नातील डॉक्टरांनी मेंदू झिजवणाऱ्या पिक रोगाचे निदान केले. तोवर उपचाराची वेळ निघून गेली होती. पत्नी प्रमिलादेवी स्वतः कमरेखाली लुळ्या असतानाही १९६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांची काळजी घेत राहिल्या. स्वतःची गीते न ओळखणारा हा कवी १९७६ पर्यंत जगला. त्या चौतीस वर्षांत त्याची गाणी बंगालमध्ये घरोघर गायली जात होती. स्मृतिभ्रंशासोबत जगणे म्हणजे बहुतांशी रुग्णाभोवतीच्या माणसांचे जगणे असते, हे प्रमिलादेवींच्या आयुष्यातून जितके कळते तितके वैद्यकाच्या ग्रंथांतून कळत नाही.

मुक्तिबोधांना एवढा काळ मिळाला नाही. ते बेशुद्ध असतानाच मित्रांनी त्यांच्या कविता एकत्र करण्याचे काम हाती घेतले. काम सोपे नव्हते. खर्ड्यांची पाने सरमिसळ झालेली, अनेक ठिकाणी दोन-दोन पाठ, आणि निवाडा देऊ शकणारा एकमेव माणूस खाटेवर निश्चल. श्रीकांत वर्मा यांनी जुळवाजुळव केली, शमशेर यांनी प्रस्तावना लिहिली आणि भारतीय ज्ञानपीठाने १९६४ मध्येच ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह काढला. कवीने तो पाहिला नाही. ११ सप्टेंबरच्या रात्री सारे संपले. अंत्ययात्रेत चित्रकार मकबूल फिदा हुसेन सहभागी होते. त्यानंतर त्यांनी पायांत जोडे घालणे सोडले, असे ते सांगत असत.

नोव्हेंबर १९६४ मध्ये हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात ‘आशंका के द्वीप : अँधेरे में’ ही दीर्घ कविता प्रथम प्रसिद्ध झाली. ती आज ‘अँधेरे में’ या नावाने ओळखली जाते आणि स्वातंत्र्योत्तर हिंदीतील सर्वांत महत्त्वाच्या कवितांत गणली जाते. रात्रीच्या शहरात फिरणारा एक माणूस स्वतःच्याच हरवलेल्या, अधिक पूर्ण रूपाचा शोध घेत राहतो आणि ते रूप दर वेळी हातून निसटते, असा तिचा विषय. ती लिहिताना कवी धडधाकट होता. तिच्यात आजाराची चाहूल शोधणाऱ्यांनी हे विसरू नये.

पुढे ‘काठ का सपना’, ‘विपात्र’, ‘सतह से उठता आदमी’, ‘भूरी भूरी खाक धूल’ अशी पुस्तके क्रमाने येत गेली. सारी मृत्यूनंतरची, सारी दुसऱ्यांनी लावलेल्या कागदांतून आलेली. १९८० मध्ये नेमिचंद्र जैन यांच्या संपादनाखाली सहा खंडांची ‘मुक्तिबोध रचनावली’ प्रकाशित झाली. शुजालपूरच्या दिवसांपासूनचा हा मित्र. मुक्तिबोधांची पत्रेही त्याने जपून ठेवली होती. त्याच वर्षी मणि कौल यांचा ‘सतह से उठता आदमी’ हा चित्रपट आला. उज्जैन-इंदूरच्या मराठी घरातील धाकटे बंधू शरच्चंद्र तोवर ‘नवी मळवाट’, ‘यात्रिक’ हे संग्रह आणि ‘क्षिप्रा’सारखी कादंबरी लिहून मराठीत स्थिरावले होते, १९७९ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये त्यांचेही निधन झाले.

राजनांदगावच्या राजवाड्याच्या आवारात आता पदुमलाल पुन्नालाल बक्षी, बलदेवप्रसाद मिश्र आणि मुक्तिबोध या तीन साहित्यिकांचे स्मारक आहे. दिग्विजय महाविद्यालयाचे वर्ग अजून भरतात. राणीसागर आणि बूढासागर जागच्या जागी आहेत आणि तो चक्राकार जिनाही.